दीड इंच

जावयाने सीट कापणीच्या टेबलावर ठेवली आणि चादरीची गाठ सोडायला घेतली. गाठ त्याने स्वतःच मारलेली, पण सुटेना. मास्तरांनी हातातली कात्री पुढे केली. त्याने मान हलवली, गाठीशी आणखी थोडी झटापट केली आणि शेवटी दातांनी सैल करून ती सोडवली.

चादर बाजूला झाली. निळ्या कापडाची, राखाडी कडांची, लहान मुलाला गाडीत बसवायची सीट. पाठीवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती आणि चिठ्ठीवर कसला तरी लांबलचक नंबर.

"विमा कंपनीने परत दिली," जावई म्हणाला. "त्यांचं काम झालं म्हणे."

"इथे कशाला आणलीत?"

"तोडायची आहे, बाबा. अपघातात सापडलेली सीट पुन्हा कोणी वापरायची नाही, असा नियम आहे. वरून धड दिसली तरी आतून तडा गेलेला असू शकतो. नुसती फेकली तर कोणीतरी उचलून नेईल, पुसून घेईल आणि आपलं मूल बसवेल. म्हणून पट्टे कापायचे, कव्हर फाडायचं आणि त्यांना फोटो पाठवायचा. मग फाइल बंद."

एवढं तो एका दमात, पाठ केल्यासारखं बोलला. मग चादरीची नीट घडी घालत राहिला.

"घरी बसलो होतो कात्री घेऊन," तो म्हणाला. "नाही जमलं."

मास्तरांनी सीट आपल्याकडे वळवली. चाळीस वर्षं ते गाड्यांच्या सीटा शिवत होते. खाली रस्त्याला लागून दुकान, वर दोन खोल्या. फाटलेलं, उसवलेलं, दबलेलं, उंदरांनी कुरतडलेलं, सगळं या टेबलावर येऊन गेलं होतं. मुद्दाम तोडायला म्हणून काही यायचं तेवढं राहिलं होतं.

"ठेवा. पाचपर्यंत करून ठेवतो."

"पाचला येतो मग, फोटो काढून जातो. उद्या अकराला वकिलाकडे घटस्फोटाच्या कागदांवर आमच्या सह्या आहेत, त्याआधी हे उरकलेलं बरं." त्याने जिन्याकडे पाहिलं. "ती..."

"कामावर गेलीय. साडेतीनला येते."

"बरं."

तो जायला वळला आणि त्याच्या उजव्या हाताची मूठ आपोआप वळली. हवेत न दिसणारं काहीतरी धरून त्याने ते आपल्याकडे ओढलं. एकदा, लगेच दुसऱ्यांदा. ही खोड त्याला सात महिन्यांपूर्वी जडली होती. त्याला स्वतःला ती ठाऊक तरी होती की नाही, कोण जाणे.

"बाबा," दारातून तो म्हणाला, "मी ओढला होता हो पट्टा. मला आठवतंय." मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे, आठवतंय असं वाटतं. आता तेही नक्की सांगता येत नाही."

मास्तरांनी मान खाली घातली. खोटं कशाला बोला, मनातल्या मनात त्यांनीही जावयालाच दोषी धरलं होतं. तोंडाने ते कधी म्हणाले नव्हते, एवढंच. आणि नवल याचंच होतं की चूक झाली ती नेमकी या माणसाच्या हातून. गॅसचं बटण तीनदा बघून घराबाहेर पडणारा हा गृहस्थ. ही सीट घ्यायला त्याने तीन रविवार घालवले होते. नातीला कडेवर घेऊन पाच दुकानं पालथी घातली. मुलीचं वजन किती, उंची किती, डोकं पाठीच्या वर तर येत नाही ना, आपल्या गाडीत ही सीट पक्की बसते की डुगडुगते, असे प्रश्न विचारून दुकानदारांना त्याने अगदी जीव नकोसा केला होता. घरी आणल्यावर सीटसोबतची पुस्तिका पेन्सिलीने खुणा करत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली.

"जावईबापू, सीट घेताय की परीक्षेला बसताय?" मास्तरांनी तेव्हा चिडवलं होतं.

"परीक्षाच आहे, बाबा," तो हसलाही नव्हता.

नातीला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी ती टिकेल तर शपथ. फक्त या सीटवर ती शहाण्यासारखी बसायची, कारण बसवण्याचा एक खेळच ठरलेला होता. आधी मागे तोंड करून बसायची; तसं बसायची वजनाची मर्यादा संपली तेव्हा बापाने तिला काट्यावर उभी करून खात्री केली आणि मगच सीट पुढे वळवली. दर वेळी बक्कल लावायचं, पट्टा ओढायचा, पुन्हा ओढायचा आणि मग तिच्या खांद्यावरचा पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरून बघायचा. चिमटीत आला तर ढिला. आला नाही तर ठीक. बापाने चिमटा काढला की लेक उलट त्याच्या नाकाला चिमटा काढायची, आणि मगच गाडी सुरू व्हायची.

त्या दिवशी वळणावर पुढचा ट्रक अचानक उभा राहिला. गाडी काही फार वेगात नव्हती. जावयाच्या दोन बरगड्या मोडल्या. सीट जागची हललीसुद्धा नाही. भिंगरी मात्र पट्ट्यांतून निसटली. तीन वर्षं दोन महिन्यांची होती.

गाडी गॅरेजात गेली, सीट घरी आली. दहाव्या दिवशी विमा कंपनीचा तपासनीस आला. त्याने भिंगरीच्या वजनाची, भिंगरीच्या उंचीची बाहुली आणली होती. पट्टा ज्या मापावर अडकलेला होता त्याच मापावर ठेवून त्याने बाहुली बसवली, बक्कल लावलं आणि खांद्यावरच्या पट्ट्याखाली बोटं घातली. एक, दोन, तीन. मग त्याने ते लिहून घेतलं आणि सीट सोबत नेली. त्यानंतर लेक नवऱ्याशी बोलेनाशी झाली, आणि महिन्याभराने बॅग घेऊन बापाकडे राहायला आली. तिच्या रागाला कोणी नावं ठेवली नाहीत.

मास्तरांनी कात्री उचलली. पट्ट्याला लावली. हात पुढे जाईना. आधी कव्हर काढू, पट्टे मागाहून बघू, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि सीट उलटी केली. खालच्या खणात ती पुस्तिका तशीच होती. कोपरे दुमडलेली, जागोजागी पेन्सिलीच्या रेघा. मास्तरांनी चष्मा लावला आणि उगाच, कापायचं लांबणीवर पडावं म्हणून, पानं उलटायला सुरुवात केली. हे त्यांनी कधी वाचलं नव्हतं. ज्याची हयात सीटा शिवण्यात गेली त्याला बसायचं कसं हे पुस्तकाने शिकवायचं, याचं त्यांना हसू येत असे.

चौदाव्या पानावर एका वाक्याखाली एक नाही, दोन रेघा होत्या.

'सीटसोबत न आलेली गादी, उशी किंवा फोम मुलाच्या पाठीमागे अथवा खाली कधीही घालू नये. अपघाताचा धक्का बसताच असा फोम दबतो आणि घट्ट वाटणारा पट्टा ढिला पडतो.'

मास्तरांनी ते पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा, प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवत. ते मागच्या स्टुलावर बसले.

अपघाताच्या आधी पंधरा दिवस ही सीट याच टेबलावर होती. भिंगरीने गाडीत दूध ओकलं होतं. "बाबा, कव्हर नुसतं धुऊन द्या," असं सांगून लेक सीट ठेवून गेली होती. मास्तरांनी ते धुतलं, वाळवलं आणि पाठीवरून तळवा फिरवला. एवढ्याशा जिवाच्या पाठीला ही फळी? त्यांना कीव आली. त्यांनी चांगल्यातला फोम काढला, पाठीला आणि बुडाला पुरेल असा दीड इंच जाडीचा तुकडा कापला, गिऱ्हाइकाचं नाव प्रत्येक तुकड्यावर लिहायची सवय म्हणून मार्करने त्यावर 'भिंगरी' लिहिलं आणि कव्हर उसवून तो आत सरकवला. वरून हाताने शिवून टाकलं. कोणाला सांगितलं नाही. पोरीनेच आपल्या तोंडाने सांगावं, अशी हौस. आणि तिने सांगितलंही. दोन दिवसांनी फोनवर म्हणाली, "आजोबा, गुदगुल्यांची सीट!" बापाला वाटलं असेल, धुतल्यावर पट्टे आखडले. त्याने ते जरा सोडून घेतले असतील, बसवलं असेल, ओढलं असेल, चिमटीने पाहिलं असेल.

भिंगरीला आपण मारलं. आपण, आपल्या हाताने, लाड म्हणून. मास्तरांच्या मनाने हे एवढं स्वच्छ म्हटलं की त्यांनी घाबरून दुकानाच्या दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. समोरच्या रस्त्यावर लोक आपापल्या कामाला चालले होते.

तपासनिसाला तो फोम दिसला कसा नाही? आपली शिवण त्याला सापडली नसणार, असं त्यांना वाटलं, आणि क्षणभर, फक्त एक क्षण, त्यांना त्या शिवणीचं बरं वाटलं. पुढच्याच क्षणी त्यांना स्वतःची शिसारी आली. पण हिशेब काही जुळत नव्हता. चांगला फोम दबला तरी पुन्हा वर येतो. त्यांनी घातलेला तो फोम होता, कापूस नव्हे. तो आत असता तर बाहुलीला पट्टा घट्टच बसला असता. मग तीन बोटं जागा आली कुठून?

त्यांनी कव्हर उलटं केलं, दिवा जवळ ओढला आणि आपला पहिला टाका शोधायला लागले. टाके होते. बारीक, सारख्या अंतराचे, मेण लावलेल्या दोऱ्याचे. फक्त ते झुकलेले होते उलट्या बाजूला.

उजव्या हाताने शिवणाऱ्याचा टाका एकीकडे कलतो, डाव्या हाताने शिवणाऱ्याचा दुसरीकडे. शिवणारा सोडून हे कोणाच्या लक्षात येत नाही. मास्तरांनी ब्लेड घेतलं, शिवण उसवली आणि आत हात घातला. आत काही नव्हतं.

त्यांनी हात बाहेर काढला आणि त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. लेक लहान होती तेव्हा सुई डाव्या हातात धरायची. मास्तरांनी आधी रागावून पाहिलं, मग तो नाद सोडला. शेजारी बसून शिकवलं तर तिला सगळं उलटं दिसायचं, म्हणून ते तिच्या समोर बसू लागले, आरशात बघून शिकावं तशी ती त्यांच्याकडे बघून शिकली. तिच्यासारखा सुबक टाका पुढे त्यांना कोणाच्याच हातात दिसला नव्हता.

साडेतीनला लेक आली. एरवी ती सरळ जिना चढून वर जात असे. आज दारातूनच तिला टेबल दिसलं असावं, कारण ती आत टेबलापाशीच आली.

"उसवलीत?"

"हो."

तिने पर्स शिलाई मशीनवर ठेवली. बसली नाही.

"टाके चांगले घातलेस," मास्तर म्हणाले. त्यांना हे म्हणायचं नव्हतं. तोंडातून निघालं ते हेच.

"दोरा तुमचाच होता."

"कधी काढलास?"

"तपासनीस यायच्या आदल्या दिवशी, दुपारी." तिचा आवाज सपाट होता. "फोम आहे हे मला तुम्ही सीट परत दिलीत तेव्हाच कळलं होतं. तुमची लेक आहे मी, हात लावल्यावर कळणार नाही? मलाही वाटलं, असू दे, मऊ आहे, बरंच आहे. त्याच्या त्या पुस्तिकेतलं एकही पान मी वाचलेलं नव्हतं, बाबा. ती गेल्यावर वाचली."

"आणि मग?"

"मग वाटलं, तो माणूस येईल, उघडून बघेल, तुमचं नाव लिहील. तुम्हाला मी ओळखते. तुम्ही दुसरा दिवस बघितला नसता."

मास्तरांनी ते नाकारलं नाही.

"आणि तो?" त्यांनी विचारलं. "त्याच्यावर येईल हे नाही आलं मनात?"

"नाही आलं. खरंच नाही आलं. फोम काढला की कोणाचंच नाव येणार नाही, असं वाटलं. मग त्याने ती बाहुली बसवली, बोटं घालायला लागला. पट्टा फोमच्या मापावर आहे हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. बोलायला तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात तुम्ही म्हणालात."

"मी?"

"'अरेरे, एवढा ढिला?' असं म्हणालात. मग सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मी तोंड मिटलं."

मास्तरांना आठवलं. ते खरंच म्हणाले होते.

"आम्हाला वाटलं, तुला त्याचा राग आहे."

"राग कसला? मला त्याच्याकडे बघवत नाही. जेवता जेवता मधेच तो हात असा करतो..." तिने डाव्या हाताने हवेत न दिसणारा पट्टा ओढला आणि हात चटकन खाली घेतला. "ते बघवत नाही, म्हणून इकडे निघून आले. लोक राग म्हणाले. मी म्हटलं, राग तर राग."

"उद्या सह्या झाल्या तर जन्मभर ओढत बसेल तो."

"ठाऊक आहे मला."

"मग सांगून टाकू त्याला."

"सांगितल्यावर तो माझं तोंड तरी बघेल? सात महिने मी त्याला त्याच्याच लेकीचा..." पुढचा शब्द तिला उच्चारता आला नाही. ती स्टूल ओढून बापासमोर बसली. "तो गेल्यातच जमा आहे. तुम्हीही गेलात तर मी कोणाकडे बघायचं, बाबा?"

घड्याळात चार वाजून गेले होते. मास्तरांनी कव्हरावरून हात फिरवला, चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"फोम कुठे आहे?"

"माझ्या उशीत."

ती उशी गेल्याच आठवड्यात तिने त्यांच्यादेखत उन्हात टाकली होती. संध्याकाळी त्यांनीच ती आत आणून तिच्या अंथरुणावर ठेवली होती.

"घेऊन ये."

ती वर गेली आणि फोम छातीशी धरून खाली आली. मार्करची शाई फिकी झाली होती, पण नाव वाचता येत होतं. मास्तरांनी तो टेबलाच्या कडेला ठेवला, नावाकडे न बघता. मग चिमट्याने कव्हरातला तिचा एकेक टाका उपटून काढायला लागले. दोऱ्याचे तुकडे ते सदऱ्याच्या खिशात टाकत होते.

"काय करताय?"

"सुईत दोरा ओवून दे. मला आता दिसत नाही."

"बाबा, काय करताय?"

"फोम मी घातला. मीच काढला. मीच शिवला. तुला काहीच माहीत नव्हतं."

तिला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती मान हलवायला लागली.

"त्याला टाक्यांतलं काय कळतं?"

"सगळं तीनदा बघणारा माणूस आहे तो. लग्न झाल्यापासून तू लावलेली बटणं घालून हिंडतोय. माझाच टाका असलेला बरा." त्यांनी हात पुढे केला. "दोरा."

"तो तुम्हाला कधीच माफ करणार नाही."

"मी कुठे मागतोय?"

"आणि मग मलाही तुमच्यावर राग धरावा लागेल. त्याच्यासमोर. कायमचा."

"धरायचा."

"इथे यायचं नाही. फोन करायचा नाही."

"जमेल तुला," मास्तर म्हणाले. "सात महिने राग नसताना जमवलास की."

तिने दोरा ओवला. मेणाच्या वडीवरून ओढला, गाठ मारली आणि सुई त्यांच्या हातात दिली. मास्तर शिवू लागले. ती समोर बसून त्यांच्या हाताकडे बघत होती, लहानपणी बघायची तशीच, आणि तिच्या मांडीवरचा डावा हात नकळत त्यांच्याबरोबर हलत होता. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते सगळं भिंगरीविषयी होतं. पाचला दहा मिनिटं कमी असताना मास्तरांनी शेवटची गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.

"माझ्याकडे बघायचं नाही," ते म्हणाले. "काही झालं तरी. डोळ्यांवरून कळतं तुझं."

जावई ठरल्या वेळी आला. बायकोला बघून दारातच अडखळला.

"जावईबापू," मास्तर म्हणाले. सात महिन्यांत हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. "बसा."

तो बसला नाही. "झालं का कापून?"

"पट्टा तुम्ही घट्टच ओढला होता."

जावई टेबलापाशी आला.

मास्तरांनी सगळं उभ्याउभ्या सांगितलं. मधे थांबले असते तर पुन्हा सुरुवात करता आली नसती. फोम कधी घातला, का घातला. चौदाव्या पानाबद्दलही सांगितलं. तपासनीस येण्याआधी आपणच तो काढला, भ्यायलो म्हणून, आणि पट्टा त्यामुळेच तीन बोटं ढिला भरला. सांगता सांगता त्यांनी ब्लेडने शिवण उसवून आतली रिकामी जागा दाखवली. जावयाने वाकून शिवण पाहिली. बराच वेळ पाहिली. मग त्याने फोम उचलला, त्यावरचं नाव वाचलं, अंगठ्याने फोम दाबला. अंगठा काढल्याबरोबर तो वर आला. त्याने पुन्हा दाबला. तिसऱ्यांदाही दाबला.

"हिला माहीत होतं?"

"नाही."

"मला..." लेक म्हणाली.

"तिला काय माहीत असणार?" मास्तर जवळजवळ ओरडले. "ती धुवायला देऊन गेली होती. विश्वासाने देऊन गेली होती."

लेक जमिनीकडे बघत होती. जावयाने तिच्याकडे पाहिलं आणि मग मास्तरांकडे.

"तुम्ही तिथेच होतात," तो म्हणाला. "त्याने बोटं घातली तेव्हा. तुम्ही अरेरे म्हणालात."

"म्हणालो."

मास्तरांना वाटलं, आता हा हात उगारेल. उगारला असता तर बरंच झालं असतं. पण जावई आपल्या उजव्या तळव्याकडे बघत होता. कोणा दुसऱ्याचा हात असावा तसा तो त्याने उलटसुलट करून पाहिला.

"घट्ट होता," तो स्वतःशीच म्हणाला. "म्हणजे घट्ट होता."

फोम काखेत धरून तो बाहेर गेला. लेकीशी एक शब्द बोलला नाही. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीचं दार उघडून आत बसला आणि दार न लावता तसाच बसून राहिला.

"जा," मास्तर म्हणाले.

"बाबा..."

"ठरलंय ना आपलं?"

तिने पर्स उचलली. जाताना ती त्यांच्या इतक्या जवळून गेली की तिची ओढणी टेबलावरच्या कव्हराला घासली, पण तिने वर पाहिलं नाही. ठरल्याप्रमाणे तिने पाहिलं नाही. मास्तरांनीही तिच्या पाठीकडे बघायचं टाळलं आणि कात्री घेतली. फोटो काढायचा राहूनच गेला होता. पण पट्टे कापायचे होतेच.

बाहेर एक दार लागलं, मग दुसरं. बक्कल बसल्याचा टक् असा आवाज आला. तो जावयाचा. मास्तर कात्री तशीच धरून दुसऱ्या आवाजाची वाट बघत राहिले. तो झाला की गाडी सुरू होईल, गाडी निघून जाईल, आणि आपलं काम संपेल, एवढंच त्यांना आता हवं होतं.

तो आवाज आला नाही. गाडीही सुरू झाली नाही. उघड्या काचेतून ऐकू यायला लागला लेकीचा आवाज, हलका, न थांबणारा. शब्द कळत नव्हते, 'उशीत' एवढा एकच ओळखू आला. मधे जावयाचा आवाज एकदाही आला नाही.

मास्तरांनी पहिल्या पट्ट्यावर कात्री चालवली. पट्टा फार मजबूत होता, दोन्ही हातांनी दाबूनही तो पहिल्या झटक्यात तुटला नाही. त्यांनी कात्री पुन्हा लावली. बाहेर लेक बोलतच होती.